७८ वर्षांच्या जॅझ गायिकेला पियानोवर साथ कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की दोन महिन्यांनी तुम्हाला एका ७८ वर्षांच्या जॅझ गायिकेला पियानोवर साथ करायची आहे. बाई चाळीस वर्षं गात आल्या, पण गेली सहा-सात वर्षं मंचावर नव्हत्या. पहिल्याच तालमीत वरचे सूर फाटले, लांब ओळीला दम पुरला नाही आणि एका गाण्यात शब्द पुढचे मागे झाले. तुमचा प्रश्न असा : ‘श्रोत्यांना कळू न देता हे सगळं कसं सांभाळून घ्यायचं?’

मी तीसेक वर्षं गायकांच्या मागे पियानो वाजवतोय आणि त्यातले बरेच जण साठीच्या पुढचे होते. त्या अनुभवावरून आधी एक सांगतो. तुमच्या प्रश्नातले पहिले चार शब्द खोडून टाका. श्रोत्यांना कळणारच. ७८ वर्षांच्या बाईंना ऐकायला चाललोय हे ठाऊक असूनच ते तिकीट काढतात. तुमच्यापुढचं काम वेगळं आहे. बाईंची गाणी त्यांच्या आजच्या आवाजाच्या मापाने पुन्हा बेतायची आहेत, आणि त्याला दोन महिने पुरतात.

वयस्क गायिकेची खरी गाठ पडते ती तिच्याच तिशीतल्या रेकॉर्डशी. पट्टी तीच, लय तीच, शेवटचा सूर तेवढाच लांब, असा सगळ्यांचा अट्टहास असतो. बाईंचा असतो, साथीदारांचा असतो, कार्यक्रम ठरवणाऱ्यांचाही असतो. मी पाहिलेले बहुतेक फसलेले कार्यक्रम या अट्टहासाने फसले, आवाजाने नाही. अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडेंचं १९५८ चं ध्वनिमुद्रण मुद्दाम ऐका, तंतुवाद्यांच्या मोठ्या ताफ्यासोबतचं. बाई तेव्हा जेमतेम ४२ वर्षांच्या, पण व्यसनांनी आणि हालअपेष्टांनी आवाज पार थकलेला. संगीत संयोजक रे एलिस ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्यांच्या गाण्यावर नाराज होते. काही आठवड्यांनी सगळं जुळवून झाल्यावर त्यांनी पुन्हा ऐकलं आणि त्यांचं मत पालटलं. आपण फक्त सूर तपासत बसलो होतो, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितलं. तुम्हीही पहिल्या तालमीत तेच केलंत. पुढच्या तालमीत सुरांची नोंद ठेवू नका. बाई कुठल्या शब्दावर रेंगाळतात ते टिपून ठेवा.

आता आवाजाचं काय होतं ते बघू, कारण हे माहीत असलं की पुढच्या सगळ्या गोष्टींची संगती लागते. स्वरतंतू म्हणजे आत स्नायू आणि त्यावर मऊ, ओलसर आवरण. वयाबरोबर हा स्नायू बारीक होतो आणि आवरणाचा लवचिकपणा कमी होतो. पूर्वी दोन्ही तंतू एकमेकांना नीट भिडायचे, आता मध्ये बारीक फट राहते. तिच्यातून हवा निसटते, म्हणून आवाज घोगरा, हवा मिसळलेला लागतो, आणि त्याच गळतीमुळे दमही लवकर संपतो. फुप्फुसांची ताकद थोडी घटलेली असतेच, त्यात ही भर. शिवाय रजोनिवृत्तीनंतर बायकांचा आवाज खाली उतरतो. (पुरुषांचा म्हातारपणी उलट थोडा वर चढतो.) लांब सुरातलं आंदोलनही बदलतं. एरवी ते सेकंदाला साधारण पाच ते सात वेळा होतं. उतारवयात संथ आणि रुंद होत जातं, आणि मग सूर बरोबर असूनही डळमळल्यासारखा वाटतो.

यातली बरीच अडचण सूर आखूड केला की राहत नाही. अनिता ओडेंचं उदाहरण घ्या. लहानपणी टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेत चुकून त्यांची पडजीभ कापली गेली. लांब, कंप असलेला सूर आपल्याला धरता येत नाही असं त्या सांगायच्या, म्हणून त्यांनी आखूड, तुटक, ड्रमच्या अंगाने जाणाऱ्या सुरांची गायकी घडवली. तरुणपणीच्या त्या अडचणीने त्यांना म्हातारपणी हात दिला. त्यांचा शेवटचा आल्बम २००६ मध्ये आला तेव्हा त्या ८६ वर्षांच्या होत्या. तुमच्या बाईंनाही ओळीचा शेवटचा सूर चार मात्रांऐवजी दोनच मात्रा, सरळ, बोलल्यासारखा सोडून बघायला सांगा. तो मोकळा झालेला वेळ तुमचा.

पट्टीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण निम्मी लढाई तिथेच आहे. बाईंना ‘कुठल्या पट्टीत गाता?’ असं विचारू नका. त्या वीस वर्षांपूर्वीची पट्टी सांगतील आणि ती त्यांना अगदी मनापासून खरी वाटत असेल. त्याऐवजी चहापाणी चालू असताना, पियानोला हात न लावता, पहिली ओळ नुसती गुणगुणायला सांगा. ज्या सुरावरून त्या सहज उचलतील तो मनात धरा आणि मग पियानोवर शोधा. खरी पट्टी तिथे असते, फार तर अर्धा सूर इकडेतिकडे. हे काम कार्यक्रमाच्याच वेळेला करा. रात्री आठचा कार्यक्रम असेल तर सकाळी दहाला ठरवलेली पट्टी दगा देते.

मग गाण्यातला सगळ्यात वरचा सूर पाहा आणि त्या सुरावर शब्दातलं कुठलं स्वराक्षर येतं ते बघा. ‘आ’ किंवा ‘ओ’ असेल तर निभतं, ‘ई’ असेल तर घसा आवळतो. अशा एका ‘ई’साठी अख्खं गाणं तीन सूर खाली ओढू नका. तो एक सूर बाईंनी बदलून खालून घेतला तर काही बिघडत नाही. जॅझमध्ये चाल बदलायचा हक्क गायकाचाच असतो, तो वापरायला त्यांना भरीस घाला. एकच टोकाचा सूर बघून पट्टी ठरवण्यापेक्षा गाण्याचा मुक्काम कुठल्या चार-पाच सुरांवर आहे ते बघा. तो मुक्काम आवाजाच्या आरामाच्या जागी आला पाहिजे. फार खाली गेलात तर आवाजात नुसती हवा उरते आणि शब्द ऐकू येईनासे होतात.

पट्टी उतरली की तुमचा डावा हातही खाली सरकतो, आणि तिथे जवळजवळचे तीन-चार सूर दाबले की सगळं गढूळ होतं. एफ पट्टीतलं गाणं खाली डी-फ्लॅट पट्टीत आणलंत तर डाव्या हाताची जुनी मांडणी तशीच उचलून ठेवू नका. मूळ सूर बेसवाल्याकडे (खर्जातलं तंतुवाद्य वाजवणाऱ्याकडे) सोपवा, डाव्या हातात कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छाचा, तिसरा आणि सातवा सूर एवढेच ठेवा. आणि एक लक्षात घ्या, बाईंचा आवाज आता पियानोच्या मधल्या सी सुराच्या आसपास फिरणार. तिथेच तुमच्या हातांची घरची जागा आहे. त्या गात असताना तिथून उठा. उजवा हात वर न्या किंवा उचलून मांडीवर ठेवा.

लयीबद्दल नव्या साथीदारांचा एक ठाम गैरसमज असतो की वयस्क गायिकेला संथ गाणी सोपी जातात. हिशोब करून बघा. एक बार चार मात्रांचा, म्हणजे चार बारची ओळ १६ मात्रांची. मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत ती १६ सेकंदांची होते. ७२ ला सव्वातेरा सेकंद, ९६ ला दहाच. गळक्या तंतूंच्या आवाजाला १६ सेकंद एका दमात म्हणजे शिक्षाच. संथ बॅलड ठेवायचं असेल तर ओळ कुठे तोडायची हे अर्थ बघून बाईंसोबत ठरवा आणि त्या तुटण्याला साथीत जागा ठेवा. मध्यम लयीचा स्विंग, म्हणजे झुलत्या ठेक्याचं गाणं, मात्र त्यांच्या फायद्याचा असतो. ठेका त्यांना पुढे नेतो आणि त्या शब्द ठेक्याच्या किंचित मागे टाकत निवांत चालतात. हे मागे टाकणं त्या चाळीस वर्षं करत आल्या आहेत. तेव्हा त्या मागे पडल्या असं समजून तुम्ही लय सैल सोडलीत की संपलं. लय जागेवर धरून ठेवा. त्यांचा आधार तीच आहे.

मोकळ्या जागांबद्दल मला एका बाईंनी शिकवलं ते सांगतो. मी पंचविशीत होतो, त्या सत्तरीच्या पुढच्या. एका बॅलडची तालीम चालली होती. त्या ओळ संपवून थांबायच्या, मला ती शांतता सहन व्हायची नाही आणि मी लगेच तिथे काहीतरी भरायचो. दुसरा कोरस (गाण्याचं एक पूर्ण आवर्तन) संपता संपता त्यांनी पियानोच्या झाकणावर पंजा ठेवला. आपटला नाही, नुसता ठेवला. मी थांबलो. त्या म्हणाल्या, “मी थांबले की तुला वाटतं बाईंचा दम संपला. अरे, मी तेव्हा पुढची ओळ ऐकत असते. तू मध्येच बोलतोस, मग ती मला ऐकू येत नाही.” आम्ही तेच गाणं पुन्हा घेतलं. मी प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेला एक कॉर्ड दाबायचो आणि सोडून द्यायचो, बस्स. त्यांनी तिसरी ओळ इतक्या उशिरा उचलली की माझ्या पोटात गोळा आला, आणि ती उतरली तेव्हा ब्रश धरलेला ड्रमवाला वाजवायचंच विसरला होता.

हे कानांनी शिकायचं असेल तर शर्ली हॉर्न ऐका. भल्याभल्यांना पेलणार नाही इतक्या संथ लयीत त्या गायच्या आणि बहुतेक आयुष्य स्वतःच पियानोवर स्वतःला साथ करायच्या. आवाज गप्प झाला की त्यांचे हात काय करतात आणि मुख्य म्हणजे काय करत नाहीत ते मोजा. उतारवयात मधुमेहामुळे त्यांचं पाऊल कापावं लागलं, पेडल दाबता येईना आणि जॉर्ज मेस्टरहेझी त्यांच्या जागी पियानोवर बसले. इतकी वर्षं एकाच डोक्यातून निघालेलं गाणं आणि साथ आता दोघांत वाटून घ्यायची होती. मेस्टरहेझींनी काय केलं हे आधीच्या आणि नंतरच्या ध्वनिमुद्रणांत ताडून बघा. तुमच्यासाठी यापेक्षा चांगला गुरू मला सुचत नाही.

एक-दोन गाण्यांत तुम्ही पूर्ण बाजूला व्हा. फक्त बेस आणि आवाज. थकलेल्या आवाजाला बेस फार मानवतो, कारण दोघांच्या सुरांच्या उंचीत अंतर असतं आणि मधली सगळी जागा मोकळी राहते. शीला जॉर्डन यांनी हा प्रकार आयुष्यभर जोपासला. १९६२ मध्ये त्यांनी स्टीव्ह स्वॉलो यांच्या नुसत्या बेसवर एक गाणं ध्वनिमुद्रित केलं, पुढे हार्वी स्वार्ट्झ आणि कॅमेरॉन ब्राऊन यांच्यासोबत अशा जोडीने वर्षानुवर्षं कार्यक्रम केले. त्या ऑगस्ट २०२५ मध्ये ९६ व्या वर्षी गेल्या आणि नव्वदी ओलांडल्यावरही गात होत्या. आवाजाची वरची बाजू झिजली तरी सुराची अचूक जाण आणि गाता गाता जागेवर शब्द रचून आपली गोष्ट सांगण्याची हातोटी शाबूत होती.

शब्द विसरण्याची तुम्हाला जी धास्ती वाटते ती मला तितकीशी वाटत नाही. १९६० मध्ये बर्लिनच्या कार्यक्रमात एला फिट्झजेराल्ड भर मंचावर शब्द विसरल्या, विसरल्याचंच गाणं करून त्यांनी ते पुढे नेलं आणि त्याच ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी मिळालं. तेव्हा त्या ४२ वर्षांच्या होत्या, म्हणजे विसरायला म्हातारपण लागत नाही. तुमच्या बाजूने एवढंच करा : त्या अडखळल्या तर चाल वाजवून त्यांना ‘दाखवायला’ जाऊ नका. सगळ्या सभागृहाला कळतं आणि बाईंना अपमान वाटतो. पुढच्या ओळीची कॉर्ड ठळकपणे, वेळेवर द्या. बहुतेकदा कॉर्ड ऐकली की शब्द आपोआप तोंडात येतात. समोर स्टँडवर मोठ्या अक्षरांतले कागद असू द्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. टोनी बेनेट यांना २०१६ मध्ये अल्झायमरचं निदान झालं होतं आणि कुटुंबाने ते २०२१ मध्ये जाहीर केलं. त्याच वर्षी ३ ऑगस्टला, आपल्या ९५ व्या वाढदिवशी, आणि पुन्हा ५ ऑगस्टला त्यांनी न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये गाणं केलं. हजारो वेळा गायलेलं गाणं रोजच्या आठवणींपेक्षा कितीतरी खोल मुरलेलं असतं. मात्र तुमच्या बाई गाण्याबाहेरही गोंधळत असतील, तारखा, माणसं विसरत असतील, तर घरच्यांशी शांतपणे बोला.

सूर हलतो त्याला पुष्कळदा घसा नाही, कान कारणीभूत असतात. उतारवयात आधी वरचे, बारीक आवाज ऐकू येईनासे होतात. त्यात शेजारी झांजा वाजत असल्या की बाईंना स्वतःचाच आवाज कळत नाही, मग त्या जोर लावतात, आणि जोर लावला की सूर सरकतो. त्यांच्या मॉनिटरमध्ये (गायकाला स्वतःचं गाणं ऐकू यावं म्हणून मंचावर ठेवलेल्या स्पीकरमध्ये) त्यांचा आवाज आणि पियानोचा मधला भाग एवढंच ठेवायला सांगा, ड्रमवाल्याला काठ्यांऐवजी ब्रश वापरायला सांगा. त्या श्रवणयंत्र वापरत असतील तर त्यात संगीतासाठी वेगळी सेटिंग आहे का हे त्यांच्या श्रवणतज्ज्ञांना विचारायला सांगा. बोलणं ऐकण्यासाठी लावलेलं यंत्र कधीकधी लांब सुराला शिट्टी समजून दाबायला जातं. माइकची काळजी करू नका. विजेच्या माइकने १९२० च्या दशकात बोलल्यासारखं गाणं शक्य केलं, आणि तेव्हापासून जॅझ गायिकेला अख्खं दालन घशाने भरावं लागत नाही. बाईंना माइक किती जवळ धरायचा हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

सहा-सात वर्षांच्या खंडाचं म्हणाल, तर अल्बर्टा हंटर आठवा. जन्म १८९५ चा. १९५० च्या दशकात त्यांनी मंच सोडला आणि न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात वीस वर्षं परिचारिका म्हणून काम केलं. १९६१ मधली थोडी ध्वनिमुद्रणं सोडली तर गाणं जवळपास बंद. रुग्णालयाने १९७७ मध्ये त्यांना ७० वर्षांच्या समजून निवृत्त केलं, त्या होत्या ८२ वर्षांच्या! त्याच वर्षी ग्रिनिच व्हिलेजमधल्या ‘द कुकरी’त त्यांनी पुन्हा गायला सुरुवात केली, मागे पियानोवर जेरल्ड कुक आणि एक बेस एवढाच संच. १९८४ मध्ये वारल्या तोवर त्या गात राहिल्या. मात्र खंडानंतर घसा रोज थोडा चालवावा लागतो. सलग तासभर गाऊन घेऊ नका. दहा-दहा मिनिटं दिवसातून तीनदा बरी. बारीक नळीतून फुंकत सूर लावण्याचा व्यायाम अशा घशाला चांगला, कारण ओठांशी अडलेली हवा मागे दाब देते आणि तंतू कमी कष्टात कंप पावतात. सर्दीच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी घसा कोरडा पडतो, दम्याच्या काही फवाऱ्यांनी आवाज बसतो. औषधं परस्पर बंद करायची नाहीत, डॉक्टरांना आपण गातो हे सांगायचं. आवाज चार आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका, घशाच्या तज्ज्ञाकडून तंतू तपासून घ्या.

बसून गायचं असेल तर उंच, ताठ पाठीची खुर्ची आणि पाय टेकलेले. मऊ सोफ्यात पोट दुमडतं आणि श्वास अडतो. मेबल मर्सर वर्षानुवर्षं खुर्चीत बसून, अर्धं बोलत अर्धं गात आल्या, आणि फ्रँक सिनात्रांसारखे गायक त्यांच्याकडून ओळ कशी म्हणावी ते शिकले.

गाण्यांचा क्रम लावताना पहिलं गाणं मध्यम लयीचं, मधल्या सुरांतलं घ्या. सगळ्यात अवघड गाणं तिसरं किंवा चौथं. तोवर घसा तापलेला असतो आणि थकलेला नसतो. जॅझची रचनाच तुमच्या मदतीला आहे : बाई ३२ बारचा एक कोरस गातील, वादक दोन कोरस घेतील, त्या शेवटच्या अर्ध्या कोरसला परत येतील. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक कोरस ६४ सेकंदांचा, म्हणजे त्यांना दोन मिनिटांहून जास्त उसंत. त्या वेळात पाण्याचा घोट आणि बसायला स्टूल, दोन्ही हाताशी असू द्या. वादकांना मात्र बजावून ठेवा की ही उसंत आहे म्हणून सोलो लांबवत न्यायचे नाहीत. सात-आठ मिनिटं गप्प बसलं तर तापलेला घसा पुन्हा थंड होतो.

शेवटी, गाणी कशी संपवायची ते. प्रत्येक गाण्याचे दोन शेवट बसवून ठेवा : एक शेवटची ओळ तीनदा घेऊन संपणारा, दुसरा पहिल्याच वेळी थांबणारा. कुठला घ्यायचा ते बाई त्या क्षणी ठरवतील आणि तुमच्याकडे बघतील किंवा नुसता हात खाली आणतील. म्हणून शेवटच्या आठ बारमध्ये कागदाकडे बघायचं नाही, पियानोच्या पट्ट्यांकडेही नाही. त्यांच्या खांद्याकडे बघा. श्वास घेतला तर खांदा थोडा उचलला जातो आणि ओळ पुन्हा येणार. उचलला नाही तर तिथेच शेवटची कॉर्ड द्या आणि त्यांचा सूर विरेपर्यंत पेडलवरून पाय काढू नका.